सादरीकरण करताना संगणक बंद पडणे

सादरीकरण करताना संगणक बंद पडणे : पॉवरपॉइंट, इम्प्रेस यांसारखे सादरीकरणाचे सॉफ्टवेअर चालू असताना ते सॉफ्टवेअर, त्यात उघडलेली फाइल किंवा अख्खा संगणक अचानक काम थांबवतो असा बिघाड. दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे या तिघांपैकी नेमके कोण पडले हे ठरवणे. ती गाळल्यामुळेच बहुतेकांचा वेळ वाया जातो. यंत्र तापून बंद पडत असते आणि माणूस पॉवरपॉइंट काढून पुन्हा बसवत राहतो.

पॉवरपॉइंट 1987 मध्ये फोरथॉट या कंपनीने मॅकिंटॉशसाठी बाजारात आणले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली आणि 1990 मध्ये विंडोजवरील आवृत्ती आली. विंडोज 95 व 98 मध्ये एखाद्या साध्या प्रोग्रॅमची चूकही सगळी प्रणाली खाली आणू शकत असे. 2001 च्या विंडोज एक्सपीपासून घरगुती संगणकांतही विंडोज एनटी या प्रणालीचा गाभा आला आणि प्रत्येक प्रोग्रॅमच्या जागेचे कुंपण अधिक पक्के झाले. त्यामुळे आज नुसते पॉवरपॉइंट बिघडले, तर नुसती त्याची खिडकी बंद व्हायला हवी. निळा पडदा आला किंवा संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला, तर संशय ड्रायव्हर, मेमरी, उष्णता किंवा वीजपुरवठा यांच्यावर घ्यावा.

पुरावा संगणकातच नोंदलेला असतो. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये बिघाडाची वेळ शोधावी. ‘ॲप्लिकेशन’ विभागात 1000 क्रमांकाची नोंद असेल, तर प्रोग्रॅम कोसळला आहे. त्या नोंदीतील ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ या ओळीत नेमका कोणता घटक अडखळला त्याचे नाव मिळते. ‘सिस्टम’ विभागातील 41 क्रमांकाची ‘कर्नल-पॉवर’ नोंद सांगते, की संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. एवढ्या नोंदी वाचायचे जिवावर येत असेल, तर ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ हेच तारीखवार आलेखात दाखवतो.

सादरीकरणाच्या वेळीच संगणक का दगा देतो, याचे उत्तर बरेचदा ग्राफिक्समध्ये सापडते. पॉवरपॉइंट 2010 पासून स्लाइड बदलतानाचे दृश्य परिणाम ग्राफिक्स चिपकडून करून घेतले जातात. त्यात प्रोजेक्टर जोडला, की दुसरा पडदा, वेगळे रेझोल्यूशन आणि ‘प्रेझेंटर व्ह्यू’ यांचा भार एकदम येतो. अनेक लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात आणि काहींत एचडीएमआयचे तोंड दुसऱ्या, जास्त ताकदीच्या चिपला जोडलेले असते. घरी तालमीत न वापरलेली चिप मग सभागृहात पहिल्यांदा कामाला लागते. चिपने दोन सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज तिचा ड्रायव्हर नव्याने सुरू करते. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो तो यामुळे. हा प्रयत्न फसला, तर ‘व्हिडिओ टीडीआर’ अशा उल्लेखाचा निळा पडदा येतो. अशा वेळी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करावा. बिघाड ताज्या अपडेटनंतरच सुरू झाला असेल, तर ‘रोल बॅक’ने मागची आवृत्ती आणावी. अनेक आवृत्त्यांत ‘ऑप्शन्स’मधील ‘ॲडव्हान्स्ड’ येथे हार्डवेअर ग्राफिक्स ॲक्सेलरेशन बंद करण्याची सोय आहे. ती वापरल्यावर बिघाड थांबला, तर कारण हाती लागले असे समजावे.

नुसते पॉवरपॉइंट बंद पडत असेल, तर कंट्रोल कळ दाबून धरून ते ‘सेफ मोड’मध्ये उघडावे. तेथे नीट चालले, तर दोष बहुधा ॲड-इनचा असतो. सर्व ॲड-इन बंद करून एकेक सुरू करत गेल्यास दोषी सापडतो. डीफॉल्ट प्रिंटरचा बिघडलेला ड्रायव्हरही फाइल उघडताना अडथळा आणू शकतो, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ तात्पुरता डीफॉल्ट ठेवून हे तपासता येते. त्यानंतर कंट्रोल पॅनेलमधून ऑफिसची ‘क्विक रिपेअर’ आणि गरज पडल्यास ‘ऑनलाइन रिपेअर’ करावी.

एकच फाइल त्रास देत असेल, तर आधी ती पेन ड्राइव्हवरून संगणकावर उतरवून घ्यावी. पेन ड्राइव्हवरूनच थेट चालवणे धोक्याचे. मग ‘ओपन अँड रिपेअर’ वापरून पाहावे. तरी जमले नाही, तर ‘रीयूज स्लाइड्स’ची सोय असलेल्या आवृत्त्यांत तिने नव्या कोऱ्या फाइलमध्ये थोड्या थोड्या स्लाइड आणाव्यात. ज्या स्लाइडवर गाडी अडते तीच सदोष. पीपीटीएक्स ही मुळात झिप फाइल असते. तिच्या प्रतीचे नाव बदलून शेवटी ‘झिप’ केले, की आत ‘मीडिया’ फोल्डरमध्ये सगळी छायाचित्रे व चित्रफिती दिसतात. फाइल उघडेनाशी झाली तरी त्या बहुधा वाचवता येतात. मोबाइलमधील छायाचित्रे जशीच्या तशी घालणे हेही भार वाढण्याचे एक कारण. 4,000 बाय 3,000 पिक्सेलचे छायाचित्र डिस्कवर चारपाच एमबीचे असले, तरी पडद्यासाठी उलगडल्यावर मेमरीत सुमारे 48 एमबी जागा घेते. 32-बिट ऑफिसला मेमरीची मर्यादा कडक असल्यामुळे अशा फाइलींत ते लवकर गुदमरते. ‘कम्प्रेस पिक्चर्स’ हा यावरचा सोपा उपाय आहे.

धुळीने भरलेला पंखा, सैल चार्जर, सदोष रॅम यांची तपासणी वेगळी करावी. रॅमची पहिली तपासणी ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ने करता येते.

पॉवरपॉइंटमधील ‘ऑटोरिकव्हर’ मुळात दर 10 मिनिटांवर लावलेले असते. हे अंतर कमी करून घ्यावे आणि अधूनमधून कंट्रोल-एस दाबत राहावे. प्रोजेक्टर नसताना ऑल्ट-एफ5 दाबल्यास प्रेझेंटर व्ह्यूचा सराव एकाच पडद्यावर करता येतो, पण दुसऱ्या पडद्याचा भार त्यात तपासला जात नाही. म्हणून कार्यक्रमापूर्वी त्याच प्रोजेक्टरवर सगळ्या स्लाइड एकदा फिरवून पाहाव्यात आणि पीडीएफ प्रत सोबत ठेवावी. तीत ॲनिमेशन चालत नाही, पण ती कोणत्याही संगणकावर आणि मोबाइलवरही उघडते.