उशिरा पोचणारी थाप

विंडोज एक्सपीच्या काळात घरच्या कम्प्युटरवर एका बंदिशीचं रेकॉर्डिंग करताना माझ्या हातून एक अन्याय घडला. तबल्याला बसलेले गृहस्थ वयाने आणि रियाजाने माझ्याहून कितीतरी मोठे. दर आवर्तनाला ते समेवर किंचित मागे येत होते, आणि मी ते बोलून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, "हेडफोनमध्ये माझीच थाप मला मागून ऐकू येतेय." मला ती सबब वाटली. ती सबब नव्हती, हे कळायला विंडोजमधल्या आवाजाचा इतिहास चाळावा लागला.

1991 मध्ये विंडोजला 'मल्टिमीडिया एक्स्टेन्शन्स'ची जोड मिळाली. ड्रायव्हरच्या यादीत दिसणारा एमएमई तो हाच. गाणं वाजलं, सूचनेची घंटी वाजली, की त्याचं काम झालं. आत गेलेला आवाज किती वेळाने बाहेर येतो, याची फिकीर कुणाला? 1995 चा डायरेक्टसाउंड आला तो गेम्ससाठी. पुढे एक्सपीपर्यंत 'केमिक्सर' हा भाग सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करून कार्डाकडे पाठवी, आणि त्यातच सुमारे 30 मिलिसेकंद जात. तेवढ्या वेळात ध्वनी हवेत दहा मीटर जातो. तबलजींना स्वतःचा तबला मांडवाच्या पलीकडच्या टोकाहून ऐकू येत होता म्हणा ना!

यावरचा तोडगा संगीतवाल्यांनीच काढला. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने 1996 मध्ये क्यूबेस व्हीएसटी आणलं, तेव्हा ध्वनीवरचे संस्कार कम्प्युटरच्या आतच होऊ लागले आणि विलंब टोचू लागला. 1997 मध्ये त्यांनी एएसआयओ ही पद्धत काढली. यात मधला मिक्सर टाळून प्रोग्रॅम थेट कार्डाच्या ड्रायव्हरशी बोलतो. बफरचे दोन भाग असतात. एक वाजत असताना दुसरा भरला जातो. 256 सॅम्पलचा बफर 44,100 हर्ट्झला 5.8 मिलिसेकंदांचा होतो, म्हणजे साथीदार दोन मीटरवर बसल्यासारखा. बफर फार लहान केला तर प्रोसेसर वेळेत भरू शकत नाही आणि आवाज तडतडतो. बहुतेक वेळा कार्डही एकाच प्रोग्रॅमच्या ताब्यात जातं. (ख्यालाच्या मध्येच ई-मेलची टिंग वाजत नाही, हा मला फायदाच वाटतो.)

स्टाइनबर्गने ही पद्धत इतर कंपन्यांनाही वापरू दिली, म्हणून ती टिकली. मायक्रोसॉफ्टने मिक्सर टाळणारी 'एक्सक्लुझिव्ह' सोय व्हिस्टातल्या वासापीमध्ये दिली, तोवर 2007 उजाडलं होतं. एएसआयओ-फोर-ऑल साध्या कार्डांना उपयोगी पडतं खरं, पण ते विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेलं आवरण आहे. कार्ड बनवणाऱ्याचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर असेल, तर मी आधी तोच निवडतो.

तेव्हाही यादीत तो होता. मी एमएमईवरच थांबलो होतो. ड्रायव्हर बदलून, बफर 256 वर आणून तबलजींना पुन्हा बोलावलं, आधी माफी मागितली. दोन आवर्तनं वाजवून त्यांनी विचारलं, "हेडफोन नवे घेतलेस का रे?"