हळद आणि आलं: दिसायला भावंडं, मग कुंडीत वेगवेगळी का वागतात?

डिसेंबर उजाडला की बाल्कनीतल्या हळदीची पानं कडेनं पिवळी पडायला लागतात. आपण घाबरून पाणी वाढवतो, थोडं खतही घालतो. तरी महिनाभरात सगळी पानं वाळून आडवी होतात आणि ‘रोप मेलं’ म्हणून माती दुसऱ्या झाडाला वापरली जाते. खरं तर त्याच मातीत तेव्हा आठ-नऊ महिन्यांची कमाई तयार होऊन बसलेली असते.

आल्याच्या बाबतीतही हीच चूक होते. दोन्ही झाडं घरी लावायला सोपी आहेत, पण दोघांना एकच नियम लावला तर एक तरी हातचं जातं. म्हणूनच दोघांतला फरक समजून घेऊ.

सांगलीची हळद, साताऱ्याचं आलं

कृष्णाकाठच्या या दोन शेजारी जिल्ह्यांनी ही दोन पिकं जणू वाटून घेतली आहेत.

सांगली म्हटलं की हळद. इथल्या बाजारात शेजारच्या राज्यांतूनही हळद सौद्याला येते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शहराजवळच्या हरिपूरमध्ये हळद साठवण्यासाठी जमिनीखाली खोदलेली पेवं होती. २००५ च्या महापुरात त्यांचं मोठं नुकसान झालं. जिल्ह्यातल्या कसबे डिग्रज इथं महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं हळद संशोधनाचं काम चालतं. ‘फुले स्वरूपा’ हा वाण तिथलाच.

साताऱ्याकडे सातारा, कोरेगाव, कराड या भागांत आलं मोठ्या प्रमाणात होतं. ‘सातारी आलं’ हे नाव व्यापाऱ्यांना पाठ आहे आणि इथलं बेणं दुसऱ्या जिल्ह्यांतले शेतकरीही घेऊन जातात.

झाड ओळखायचं कसं?

दोन्ही एकाच कुळातली, म्हणून कोंब फुटताना फसायला होतं. दोन महिन्यांत फरक दिसतो. हळदीची पानं रुंद, मोठी, कर्दळीच्या पानांची आठवण करून देणारी. आल्याची पानं अरुंद, टोकदार, बांबूसारखी. तरी शंका असेल तर पान चुरगळून वास घ्या.

दोन्हींना बी धरत नाही. हळदीला पावसाळ्याच्या शेवटी पांढरट-गुलाबी फुलोरा येतो, पण त्यातून नवं रोप मिळत नाही. त्यामुळे लागण नेहमी कंदापासूनच करावी लागते.

लागण: इथपर्यंत दोघं सारखीच

अक्षय्य तृतीयेच्या आसपास, म्हणजे एप्रिलच्या शेवटापासून मे महिन्यात लागण करावी.

- बेणं: डोळे फुगलेला, टणक, साधारण ४० ते ५० ग्रॅमचा तुकडा. सुरकुतलेला किंवा मऊ पडलेला नको.
- कुंडी: खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची. कंद आडवे पसरतात, म्हणून १४ ते १६ इंच रुंद आणि फूटभर खोल कुंडी किंवा जुना टब चालतो. तळाला भोकं हवीतच.
- माती: भुसभुशीत. निम्मी माती, बाकी कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी वाळू किंवा कोकोपीट.
- खोली: दोन इंच. डोळा वरच्या बाजूला.

कोंब यायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर माती फक्त ओलसर ठेवा. काहीच दिसत नाही म्हणून रोज भरभरून पाणी घातलं तर बेणंच सडतं.

अडीच-तीन महिन्यांनी कंद मातीबाहेर डोकावतात. तेव्हा वरून माती आणि खताचा थर द्यायचा. शेतकरी याला ‘भर लावणं’ म्हणतात. भर लावली नाही तर कंद हिरवट पडतात आणि पोसत नाहीत.

ऊन आणि पाणी: इथं वाटा फुटतात

आलं नाजूक आहे. त्याला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मानवते. एप्रिल-मेच्या कडक उन्हात पानांची टोकं करपतात. पाणी साचलेलं तर त्याला अजिबात चालत नाही. जुलै-ऑगस्टच्या झडीत कुंडीत पाणी थांबलं की कंदकूज लागते. पानं खालून पिवळी पडतात, खोड हलकेच ओढलं तरी हातात येतं आणि कंदाला घाण वास येतो. हा रोग आला की कुंडी वाचवणं अवघड, म्हणून पावसाळ्यात आल्याची कुंडी पत्र्याखाली किंवा आडोशाला सरकवा.

हळद तुलनेनं काटक आहे. तिला भरपूर ऊन चालतं, थोडी सावलीही चालते. कंदकूज तिलाही होते, पण आल्याइतक्या चटकन ती माना टाकत नाही.

पिवळेपणाचा अर्थ महिन्यावरून लावा. जुलैमध्ये पानं पिवळी पडली तर रोगाची शंका घ्या आणि पाणी थांबवा. डिसेंबर-जानेवारीत पिवळी पडली तर पीक पक्व होतंय. तेव्हाही पाणी कमी करत न्या आणि पानं पूर्ण वाळू द्या.

एक पथ्य दोघांनाही लागू आहे. ज्या मातीत यंदा आलं होतं, तिच्यात पुढच्या वर्षी हळद लावू नका, आणि उलटही नको. कूळ एकच असल्यामुळे कंदकूज आणि कंदमाशी दोघांनाही होते. त्या मातीत मेथी, कोथिंबीर लावा.

काढणी: आलं उसनं देतं, हळद वाट पाहायला लावते

आलं सहा महिन्यांनंतर थोडं थोडं काढता येतं. कुंडीच्या कडेची माती बाजूला करून हवा तेवढा तुकडा मोडा आणि माती परत लोटा. झाड वाढत राहतं. पूर्ण काढणी आठ-नऊ महिन्यांनी. शेतकरीसुद्धा भाव पडला की आलं काही महिने जमिनीतच ठेवतात.

हळदीला घाई चालत नाही. पानं वाळल्यावर, जानेवारी ते मार्चदरम्यान, सगळी एकदम खणायची. लवकर काढली तर कंद पाणीदार निघतात आणि रंग कमी भरतो. मधला जाड गड्डा पुढच्या बेण्याला ठेवा, बाजूची हळकुंडं वापरायला घ्या.

वापर: एक उकडायची, दुसरं नाही

आलं ताजंच सगळ्यात जास्त वापरलं जातं: चहा, वाटण, आलेपाक. साठवायचं असेल तर साल खरवडून उन्हात वाळवतात, त्याची सुंठ होते. वाळताना त्यातल्या तिखट द्रव्याचं रूप बदलतं, म्हणून सुंठ ओल्या आल्यापेक्षा झणझणीत लागते.

ओल्या हळदीचं लोणचं होतं, पण पावडर करायची असेल तर हळकुंडं आधी उकडावी लागतात. काडी सहज आत जाईपर्यंत, पाऊण ते एक तास. उकडल्यानं रंग आतपर्यंत सारखा पसरतो आणि कंद लवकर वाळतो. नंतर बारा-पंधरा दिवस ऊन द्यायचं. हळकुंड ‘कट्’ आवाज करून मोडलं की दळायला तयार. पाच किलो ओल्या हळदीतून साधारण एक किलो सुकी हळद मिळते, म्हणजे एका कुंडीतून वर्षाचा डबा भरेल अशी आशा नको.

हळदीची पानंही वाया घालवू नका. कोकण-गोव्यात त्यात पातोळे वाफवतात.

औषधी गुणांबद्दल बोलायचं तर जखमेवर हळद लावणं आपल्याला नवं नाही. याच उपयोगावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं हे ज्ञान जुनंच असल्याचे पुरावे दिल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झालं. तेव्हा परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते. पण स्वयंपाकातली चिमूटभर हळद वेगळी आणि गोळ्या-कॅप्सूल वेगळ्या. रक्त पातळ करणारी औषधं सुरू असतील तर हळदीच्या किंवा आल्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

मग लावायचं काय?

जागा एकाच कुंडीची असेल, दुपारी सावली येत असेल आणि रोजच्या चहाला उपयोग हवा असेल तर आलं. गच्चीवर भरपूर ऊन असेल, वरचेवर लक्ष द्यायला वेळ नसेल आणि थांबायची तयारी असेल तर हळद. दोन्ही लावणार असाल तर कुंड्या वेगळ्या ठेवा आणि प्रत्येकीवर लागणीची तारीख लिहा. डिसेंबरात पानं पिवळी दिसली की आधी ती तारीख बघा, मगच पाण्याचा तांब्या उचला.