फिरत्या घरांचे थांबलेले कारखाने

घर म्हटले की एका जागी पाय रोवून उभी असलेली वास्तू आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु अमेरिकेत गेल्या शतकभरात घराला चाके लावण्याचा एक मोठा उद्योग वाढीस लागला. निजण्याची सोय, चूल, पाण्याची टाकी आणि न्हाणी एवढे सर्व त्या गाडीत असते. काही गाड्या स्वतःच्या इंजिनावर धावतात, तर काही मोटारीच्या मागे जोडून ओढून न्याव्या लागतात. सुट्टीच्या दिवसांत, किंवा नोकरीतून निवृत्त झाल्यावर, कुटुंबासह देश पाहावा ही त्यामागील हौस. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. पण या धंद्याचा इतिहास पाहिला म्हणजे हौसेला केवढे मोल द्यावे लागते, आणि ते शेवटी कोणाला द्यावे लागते, हे कळून येते.

या उद्योगाची राजधानी म्हणजे इंडियाना राज्याच्या उत्तर भागातील एल्कहार्ट हे शहर. पूर्वी ते बँडच्या वाद्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. १९३०नंतरच्या दशकात तेथे ट्रेलर बनू लागले आणि पुढे त्या जिल्ह्यातील गावोगाव हाच धंदा पसरला. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी देशातील निम्म्याहून अधिक फिरती घरे या परिसरात तयार होत होती. त्यांच्या आश्रयाने खिडक्या, कपाटे, गाद्या आणि सांगाडे बनविणारे असंख्य छोटे कारखाने उभे राहिले. एकाच खांबावर सारा मांडव तोलला जावा, तशी ही स्थिती होती.

तो खांब डळमळीत आहे याची सूचना इतिहासाने वारंवार दिली होती. १९३६ साली अमेरिकेत ट्रेलर बनविणाऱ्या शेकडो पेढ्या होत्या. डेट्रॉइटच्या आर्थर शर्मन या जंतुशास्त्रज्ञाने काढलेली ‘कव्हर्ड वॅगन’ ही कंपनी त्यांत अग्रेसर होती. पण १९३७ सालच्या मंदीनंतर तो उत्कर्ष टिकला नाही, आणि त्या शेकडो पेढ्यांपैकी फारच थोड्यांची नावे पुढे उरली. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली, तेव्हाही हाच प्रकार घडला. मंदीत माणूस धान्य घेणे थांबवीत नाही. सुट्टीची गाडी घेणे मात्र तो प्रथम थांबवितो.

२००६ साली कारखान्यांतून सुमारे ३ लाख ९० हजार फिरती घरे बाहेर पडली. २००९ साली ती संख्या १ लाख ६६ हजारांच्या आसपास आली. अवघ्या तीन वर्षांत निम्म्याहून अधिक धंदा नाहीसा झाला! २००८च्या उन्हाळ्यात पेट्रोलचा भाव गॅलनला चार डॉलरांच्या वर गेला, हे एक कारण. राहत्या घरांच्या किमती कोसळल्यामुळे त्यांच्या तारणावर कर्ज काढून हौस भागविण्याचा मार्ग बंद झाला, हे दुसरे. परंतु कारखान्यांवर मर्मी घाव घातला तो तिसऱ्या कारणाने.

कारखानदार गाडी विक्रेत्याला देई, तेव्हा तिची किंमत विक्रेत्याच्या वतीने एखादी वित्तसंस्था चुकती करी. गाडी विकली गेली म्हणजे विक्रेता ते कर्ज फेडी. तोपर्यंत तो व्याज भरी. विक्रेता बुडाला, तर ठरलेल्या मुदतीतील न विकलेल्या गाड्या परत विकत घेण्याची हमी बहुधा कारखानदारानेच दिलेली असे. सप्टेंबर २००८मध्ये लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली आणि वित्तसंस्थांनी हात आखडता घेतला. विक्रेते नव्या गाड्या घेईनात. आणि एकदा विकल्या म्हणून हिशेबात धरलेल्या गाड्या पुन्हा कारखान्याच्या दारी येण्याची भीती उभी राहिली. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, हेच खरे.

पडझड तत्पूर्वीच सुरू झाली होती. कॅलिफोर्नियातील नॅशनल आर.व्ही. या कंपनीने नोव्हेंबर २००७मध्ये नादारीचा अर्ज केला. जुलै २००८मध्ये मोनॅको कोच या कंपनीने एल्कहार्ट, वाकारूसा आणि नॅपनी येथील कारखाने बंद करण्याचे जाहीर केले. सुमारे १,४०० कामगारांच्या हातचे काम गेले. १९६४ साली स्थापन झालेल्या कोचमेन कंपनीने डिसेंबर २००८मध्ये आपला हा व्यवसाय प्रतिस्पर्धी फॉरेस्ट रिव्हर कंपनीला विकला. ५ मार्च २००९ रोजी मोनॅकोने न्यायालयाकडे नादारीचे संरक्षण मागितले आणि पाचच दिवसांनी, १९५० साली निघालेल्या फ्लीटवुड या नामांकित कंपनीनेही तोच मार्ग धरला.

या आकड्यांमागे माणसे होती. एल्कहार्ट परिसरातील बेकारीचे प्रमाण वर्षभरापूर्वी बरेच कमी होते. मार्च २००९मध्ये ते वीस टक्क्यांच्या घरात पोहोचले. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा अधिकारपदावर येऊन तीन आठवडे होत नाहीत तोच, ९ फेब्रुवारी २००९ रोजी, या शहरी येऊन गेले. याच भागात अमिश पंथाच्या ख्रिस्ती लोकांची मोठी वस्ती आहे. हे लोक स्वतः मोटार बाळगीत नाहीत, घोडागाडीतून हिंडतात. तथापि शेतजमीन अपुरी पडू लागल्यावर त्यांच्यातील कित्येक कुशल सुतार याच कारखान्यांत काम करू लागले होते. ज्या गाडीचे सुख त्यांनी कधी इच्छिले नाही, तिची विक्री थांबताच त्यांच्याही चुली थंडावण्याची वेळ आली.

जे तगले, ते अंथरूण पाहून पाय पसरणारे होते. थॉर आणि विनेबॅगो या कंपन्यांच्या डोक्यावर कर्जाचे ओझे नव्हते. फॉरेस्ट रिव्हरच्या पाठीशी २००५पासून बर्कशायर हॅथवेचे भांडवल होते. मंदी ओसरल्यावर बाजारपेठेचा फार मोठा भाग या तिघांच्या हाती एकवटला. धंदाही परतला. २०२१ साली ६ लाखांहून अधिक गाड्या बनल्या. आणि २०२३ साली तो आकडा पुन्हा ३ लाख १३ हजारांवर घसरला.

म्हणजे चाक फिरतेच आहे. बुडालेल्या कंपन्यांच्या नावालाही बाजारात किंमत आली. मोनॅको व फ्लीटवुड ही नावे नव्या मालकांच्या गाड्यांवर पुढेही झळकली. परंतु वीस-वीस वर्षे त्या गाड्यांची कपाटे जोडणाऱ्या कामगाराचे नाव असे लिलावात विकले जात नाही. नादारीचा कायदा कंपनीला नवा जन्म देऊ शकतो. कामगाराला तो स्वतःच शोधावा लागतो. ज्या गावाचे पोट एकाच धंद्यावर आहे, त्याने तेजीच्या दिवसांतच दुसऱ्या धंद्याचे बी पेरून ठेवावे, हा या इतिहासाचा बोध होय.