वणव्याआधी म्हातारी माणसे हलवा : व्हिक्टोरियाचा धडा



होळीच्या सुमारास डोंगरावरचे गवत वाळून कोळ होते आणि वणव्याची धास्ती सुरू होते. ओल्या डहाळ्यांनी वणवा झोडपायचा कसा, हे आपल्याला बापजाद्यांपासून ठाऊक आहे. पण घरात म्हातारी माणसे आणि लेकरे असली तर काय करायचे? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याला याचे उत्तर सापडायला सत्तर वर्षे लागली, आणि त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागली.

तिथले ऋतू आपल्या उलट. जानेवारी-फेब्रुवारीत कडक उन्हाळा. जंगल बहुतेक निलगिरीच्या जातीचे. पानांत तेल असते, आणि सालीच्या सुटलेल्या चिंध्या पेटून वाऱ्यावर कोसकोस लांब उडतात. जानेवारी १९३९ मधल्या आगींत राज्यात ७१ माणसे दगावली. न्यायमूर्ती स्ट्रेटन यांनी चौकशी केली आणि आगी माणसाच्या हातूनच लागल्या, असा ठपका ठेवला. पुढे १९४५ साली खेड्यापाड्यांसाठी अग्निशमनाची स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. तिचा मोठा आधार म्हणजे गावोगावचे स्वयंसेवक.

१६ फेब्रुवारी १९८३ रोजी व्हिक्टोरिया आणि शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात पुन्हा ७५ बळी गेले. त्यांतले बरेच लोक ऐन वेळी पळताना सापडले, असे दिसून आले. म्हणून सल्ला ठरला : एक तर लवकर निघा, नाहीतर पूर्ण तयारीनिशी घरी राहून घर वाचवा. सल्ला चुकीचा नव्हता. पण लोकांनी तिसराच मार्ग धरला. 'बघू, आग जवळ आली की ठरवू,' असे म्हणत ते थांबून राहिले.

मग उजाडला ७ फेब्रुवारी २००९. मेलबर्न शहरात पारा ४६.४ अंशांवर गेला. किल्मोर ईस्ट गावाजवळ विजेची तार तुटून आग लागली. या एका आगीने ११९ जीव घेतले. संध्याकाळी वारा फिरला आणि आगीची लांबलचक बाजू हीच तिचे तोंड झाली. राज्यात एकूण १७३ माणसे गेली, त्यांतली ११३ घरातच.

चौकशी आयोगाने २०१० साली अहवाल दिला. त्यातला एक आकडा ध्यानात ठेवा. मेलेल्यांपैकी ४४ टक्के लोक बारा वर्षांखालची मुले, सत्तरीपुढचे वृद्ध, आजारी किंवा अपंग होते. लवकर निघणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग, यावर आयोगाने भर दिला.

आता आपल्या वाडीचे बघा. 'मी घर सोडणार नाही' असे आजोबा म्हणणारच. त्या वेळी वाद घालायला सवड नसते, म्हणून बोलणे आजच करून ठेवा. कोणत्या आजीला कोणी उचलायचे, गाडी कोणाची, कोणत्या मोकळ्या मैदानात किंवा शाळेत जमायचे, हे नावानिशी ठरवा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची जबाबदारी शेजाऱ्याने घ्यावी. औषधे, चष्मा, कागदपत्रे एका पिशवीत तयार ठेवा. धूर दिसला की आधी ही माणसे हलवा. गुरांचे दावे वेळीच सोडा.

अंगावर सुती किंवा लोकरी कपडे असावेत. नायलॉन वितळून कातडीला चिकटते. आपले घोंगडे इथे कामाचे, कारण लोकर चटकन पेट घेत नाही. वीज गेली की मोटरपंप बंद पडतो, म्हणून पिंपे आधीच भरून ठेवा. घरे बहुधा उडत्या ठिणग्यांनी पेटतात. तेव्हा कौलांवरचा पाचोळा काढा, गवताची गंजी आणि सरपण घरापासून लांब रचा. मदतीसाठी ११२ क्रमांक फिरवा.

आणि बांध जाळताना वारा बघा, आग पुरती विझेपर्यंत जागा सोडू नका. स्ट्रेटन यांनी ठेवलेला ठपका आपल्यावर येऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.