साग, साज आणि मुशीचे तेल

एकलहऱ्याला गोदावरी आहे, वीज केंद्र आहे. गलबत मात्र नाही. तरी गलबताच्या लाकडाचा इतिहास आम्हा उर्दू शिकवणाऱ्यांना परका नाही. अरबीतला ‘साज’ हा शब्द कानाला वाद्याचाच साज वाटतो. पण त्याच्या शेवटी ‘ज़े’ नसून ‘जीम’ आहे आणि अर्थ आहे सागवान. अरबांनी लाकूड इथून नेले, सोबत नावही नेले.

अंदलुसचा इब्न जुबैर ११८३ मध्ये हजला निघाला. तांबड्या समुद्रावरच्या ऐजाब बंदरातल्या होड्यांचे त्याने बारकाईने वर्णन केले आहे. खिळा नाही, फळ्या नारळाच्या काथ्याने शिवलेल्या. लाकूड आणि काथ्या हिंद व यमनहून आलेला. वरून चरबी, एरंडेल किंवा मुशीचे तेल चोळत. त्यात मुशीचे उत्तम, असा त्याचा निर्वाळा. तेल प्यालेली फळी नरम राहते, प्रवाळाच्या खडकावर आपटून फुटत नाही. कोकणातही होडीच्या फळ्यांना माशाचे तेल देण्याची रीत होती. (वासाचे विचारू नये!)

साग निवडायचा तो गाभ्याचा. बाहेरचे फिकट लाकूड लवकर किडते, कुजते. गाभ्यात स्वतःचेच तेल असते, म्हणून उन्हापावसात तो फारसा आकसत-फुगत नाही. विलायती ओकमधले आम्ल लोखंडी खिळे खाते, साग खात नाही. डेकच्या फळ्यांना तर रोगणही नको; उन्हात त्याचे पोपडे निघतात आणि ओल्या रोगणावरून पाय घसरतो. खाऱ्या पाण्याने, रेषेला आडवे घासले की पुरे. रंग राखाडी होतो, लाकूड मात्र शाबूत राहते.

१७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले, आणि पुढे त्यांच्या घराण्याने गोदी गाजवली. १८१७ मध्ये मलबारी सागाची ‘त्रिंकोमाली’ इथेच पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभी आहे. पण गोदीची भूक मलबारवर भागेना. १८४२ पासून कंपनीने डांगच्या भिल्ल राजांकडून जंगलाचे पट्टे घेतले. हा डांग म्हणजे आपल्या सुरगाण्याचा शेजारी. त्या राजांच्या वारसांना आहव्याच्या दरबारात आजही सालियाना मिळतो; झाडे तोडणाऱ्या भिल्लांची नावे मात्र कुठल्या वहीत नाहीत.

खलाशांचीही नाहीत. त्यांचे शब्द तेवढे मराठीत राहिले: खलाशी, बंदर, सुकाणू. नाखवा तर कोकणात आडनावच आहे. मूळ फारसी नाखुदा, नावेचा धनी.