प्रयोगशाळेतील ब्राह्मीची कसोटी

ब्राह्मी ही पाणथळ जागी जमिनीलगत पसरणारी वनस्पती आयुर्वेदात बुद्धिवर्धक मानली जाते. तिचे शास्त्रीय नाव ‘बॅकोपा मोनिएरी’. मंडूकपर्णी या निराळ्या वनस्पतीलाही अनेक ठिकाणी ब्राह्मीच म्हणतात. त्यामुळे औषधासाठी गोळा केलेल्या मालात सरमिसळ होते. यावरील एक उपाय म्हणजे ऊतिसंवर्धन. खोडाचा लहानसा तुकडा निर्जंतुक करून क्षार, साखर व संप्रेरके असलेल्या पोषक माध्यमात वाढवला, की एकाच मातृवनस्पतीपासून असंख्य कोंब मिळतात.

मात्र रोप हिरवेगार झाले म्हणजे ते गुणकारी झाले, असे नव्हे. ब्राह्मीतील ‘बॅकोसाइड-ए’ हे सॅपोनिन वर्गातील चार संयुगांचे मिश्रण आहे. माध्यम, प्रकाश व संप्रेरके बदलली, की त्याचे प्रमाणही बदलते. म्हणून अर्काचे प्रथम रासायनिक विश्लेषण करतात आणि नंतर प्राण्यांच्या वर्तनावरील परिणाम तपासतात.

यासाठी रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये मांडलेली पद्धत विशेष प्रचलित आहे. उंदराला गोल हौदात सोडतात. गढूळ केलेल्या पाण्याखाली एक मंच दडलेला असतो. भोवतालच्या खुणा लक्षात ठेवून तो शोधावा लागतो. रोजच्या सरावाने लागणारा वेळ घटतो. अखेरीस मंच काढून घेतात आणि उंदीर पूर्वीच्या जागी किती वेळ घुटमळतो, हे मोजतात.

येथे फसगत होऊ शकते. अर्काने गुंगी आली, तरी उंदराला उशीर लागेल. तो विस्मृतीचा परिणाम नसेल. त्यामुळे पोहण्याचा वेग व फिरत्या दांड्यावरील तोलही तपासतात. तुलनेसाठी एका गटाला शेतातील ब्राह्मीचा अर्क, तर दुसऱ्याला केवळ द्रावक देतात. कोणता उंदीर कोणत्या गटातील, हे निरीक्षकाला सांगितले जात नाही.

लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये ब्राह्मीमुळे उंदरांची शिकण्याची क्षमता सुधारल्याचे नोंदवले. ऑस्ट्रेलियात २००१ मध्ये निरोगी व्यक्तींना रोज ३०० मिलिग्रॅम अर्क देण्यात आला. काही चाचण्यांतील सुधारणा १२ आठवड्यांनी दिसली, ५ आठवड्यांनी नव्हे. परीक्षेच्या तोंडावर ब्राह्मी घेणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. शिवाय एका अर्काचा निष्कर्ष दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही. बरणीत वाढलेल्या ब्राह्मीला आपली परीक्षा स्वतंत्रपणेच द्यावी लागते.