सिंहगडच्या पोवाड्याची कुळकथा

१९ फेब्रुवारीला, शिवजयंतीला, कन्नडच्या चौकात कर्णे बांधले की तानाजींचा पोवाडा लागणारच. सिंहगड इथून लांब, पार पुण्याच्या अंगाला. शिवाय १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला हा मराठवाड्याचा मुलूख निजामाच्या राज्यात. तरीही पोराचं लग्न बाजूला ठेवून निघालेला बाप इथल्या लेकराबाळांना ठाऊक आहे. त्याला घरोघर पोचवलं ते पोवाड्यानं.

आपल्याला ज्ञात असलेल्या जुन्या पोवाड्यांत अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा पहिला मानतात. तो प्रसंग १६५९ चा. त्याच परंपरेतला तुळशीदास. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे पडले, ती लढाई त्यानं गायली. पण लढाईआधी त्यानं घर मांडलं. प्रतापगडावर हस्तिदंती फणीनं केस विंचरताना जिजाऊंची नजर कोंढाण्यावर, म्हणजेच सिंहगडावर जाते. राजगडावरून शिवाजीराजांना बोलावणं धाडलं जातं, सोंगट्यांचा डाव पडतो, आणि डाव जिंकून आई गड मागते. तिकडे तानाजींच्या घरी मुलाचं, रायबाचं लग्न ठरलेलं असतं. कडा चढणारी यशवंती घोरपडही याच पोवाड्याची देणगी. सभासदाच्या बखरीत ती नाही.

या गाण्याचं बळ इथंच आहे. ऐकणाऱ्यानं किल्ला पाहिलेला नसेल, पण आईचा शब्द मोडता येत नाही आणि ठरलेलं लग्न लांबवणं किती जड जातं, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. आणि कन्नडच्या घाटात उभं राहून खाली खानदेशाकडे पाहिलेल्या माणसाला कडा म्हणजे काय, तेही सांगावं लागत नाही.

गोंधळी आणि शाहिरांनी हे गाणं तोंडपाठ जपलं. डफाचं कातडं शेकून ताणून घ्यायचं, तुणतुणं जुळवायचं. शाहिरानं चौक, म्हणजे पोवाड्याचं कडवं, म्हणायचा, झीलकऱ्यांनी ‘जी जी’ करत तो उचलायचा. तेवढ्यात शाहिराला दम मिळतो आणि ऐकणाऱ्याला पुढचा प्रसंग डोळ्यांपुढे आणायला सवड. १८९१ मध्ये हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी असे पोवाडे जमवून छापले. पुढे ह. ना. आपट्यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहिली.

आता कर्ण्यावर पोवाड्याचे तुकडेच वाजतात. यंदाच्या जयंतीला पंचक्रोशीतल्या एखाद्या शाहिराला मानानं बोलवा, बिदागी द्या आणि अख्खा पोवाडा बसून ऐका.